समुद्रात मुरणाऱ्या कार्बनचा काटा

ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गेल्या दोन-तीन हंगामांत गट ऑफिसात एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. पाचट न जाळता सरीत ठेवले तर 'कार्बन क्रेडिट' मिळते म्हणतात, ते काय असते, किती मिळते, आणि मुख्य म्हणजे मोजतो कोण? काही सभासदांकडे छापील करारनामेही येऊन गेले आहेत. प्रश्न रास्त आहे. वजनाचा माल विकणाऱ्या माणसाने पहिली चौकशी काट्याचीच करायची असते.

पाचटाचा हिशेब पुढे कधीतरी सविस्तर मांडू. या अंकात मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे, ते समुद्राचे. जगात आज समुद्राकडून कार्बन शोषून घेऊन त्याची क्रेडिट विकण्याचा उद्योग सुरू झाला आहे, आणि या मालाचा काटा सर्वांत अवघड आहे. तो कसा करतात हे एकदा ध्यानात आले, की जमिनीवरच्या करारात कुठे बोट ठेवायचे हे सांगावे लागणार नाही.

आधी मूळ गोष्ट. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. यापुढे त्याला नुसता कर्बवायू म्हणू. १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने त्याची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. २०२४ साली तो ४२० च्या पुढे गेला आहे. माणसाने सोडलेला सगळाच वायू हवेत राहिला असता तर हा आकडा याहून पुष्कळ मोठा झाला असता. पण जवळजवळ चौथा हिस्सा समुद्र गिळतो. वर्षाला सुमारे १० अब्ज टन कर्बवायू, तोही फुकट, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे.

आता येथेच पहिली मेख आहे. हे १० अब्ज टन कोणाच्याही खात्यावर जमा करता येत नाहीत. पाऊस पडला आणि विहिरीला पाणी वाढले, तर त्या पाण्याचे श्रेय विहीर खोदणाऱ्या ठेकेदाराला देत नाहीत. क्रेडिट मिळायचे ते माणसाने काही केल्यामुळे समुद्राने जो जादा वायू घेतला तेवढ्याचेच. म्हणजे मोजायचे काय, तर 'केले नसते तर किती' आणि 'केल्यावर किती' यांतला फरक. आपण प्रात्यक्षिक प्लॉट घेतो तेव्हा शेजारी चार सऱ्या खताविना सोडतो, त्याच कारणाने. समुद्रात मात्र बांध नाही. आज औषध टाकलेले पाणी उद्या कोसभर दूर आणि महिन्याने शंभर कोस दूर. शेजारच्या सऱ्या सोडायच्या कुठे?

शिवाय समुद्र सगळीकडे सारखा वागत नाही. आपलाच अरबी समुद्र घ्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तेथे खोलचे पाणी वर येते. त्या पाण्यात कर्बवायू भरपूर विरघळलेला असतो, तो वर आल्यावर हवेत सुटतो. म्हणजे ज्या दिवसांत आपण पावसाकडे डोळे लावून बसतो, त्या दिवसांत तो समुद्र वायू घेत नसून देत असतो. दिवस-रात्र, ऋतू, भरती-ओहोटी, नदीचे पाणी, शेवाळाची वाढ या सर्वांमुळे पाण्यातला कार्बन रोज खाली-वर होतो. या चढउतारात माणसाने केलेला फरक शोधणे म्हणजे गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात एका बैलगाडीचा आवाज ओळखण्यासारखे आहे.

लोखंडाचा प्रयोग

चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडून पांढरा-पिवळा होतो, तेव्हा आपण एकरी दहा किलो हिराकस शेणखतात मुरवून देतो आणि पंधरा-वीस दिवसांत पाने हिरवी होतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोखंडाचे खत. समुद्रालाही असाच केवडा असतो, असे सांगितले तर आश्चर्य वाटेल, पण ते खरे आहे. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात नत्र, स्फुरद मुबलक, तरी पाणी नापीक, कारण लोह नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे ठासून मांडले. लोह दिले तर सूक्ष्म शेवाळ वाढेल, ते कर्बवायू ओढील, मेल्यावर तळाला जाईल आणि कार्बन कायमचा गाडला जाईल, असा तो विचार. १९९३ पासून असे डझनभर प्रयोग वेगवेगळ्या समुद्रांत झाले.

त्यांतला एक आपल्या अगदी जवळच्या माणसांचा आहे. गोव्यातील दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर २००९ च्या जानेवारी ते मार्च या काळात 'लोहाफेक्स' नावाचा प्रयोग केला. नावातला 'लोहा' आपल्याच देशातला. भारताकडून डॉ. वजीह नक्वी आणि जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटासेक हे प्रमुख होते. पोलारस्टर्न नावाच्या जहाजातून दक्षिण अटलांटिकमध्ये पाण्याचा एक मोठा भोवरा निवडला. भोवराच का, तर आतले पाणी काही आठवडे तरी आतच फिरत राहते, म्हणजे जणू बांध घातलेले शेत. त्यात ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर ६ टन विरघळलेले लोह दिले. हिशेब केला तर एकरी जेमतेम ८० ग्रॅम. क्षेत्र मात्र आपल्याकडच्या कित्येक कारखान्यांच्या एका हंगामाच्या ऊस नोंदीपेक्षा मोठे.

शेवाळ वाढले. पहिल्या दोन आठवड्यांत हिरवाई दुप्पट झाली, आणि तेथेच थांबली. पुन्हा लोह दिले तरी फरक नाही. कारण शोधले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. ज्या जातीचे शेवाळ भराभर वाढून तळाला जाते, त्याला काचेसारखे कवच लागते आणि त्यासाठी पाण्यात सिलिका लागते. त्या पाण्यात सिलिका संपलेली होती. ऊसही जमिनीतून सिलिका भरपूर उचलतो, बगॅसची राख चाळली तर ती दिसते, तेव्हा आपल्याला हे समजायला जड नाही. एक अन्नद्रव्य कमी असेल तर दुसरे कितीही ओता, उत्पन्न वाढत नाही. दुसरी गोष्ट अशी की जे मऊ जातीचे शेवाळ वाढले, ते झिंग्याच्या जातीच्या बारीक प्राण्यांनी चरून टाकले, आणि त्या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले. खाल्लेला कार्बन श्वासावाटे पुन्हा पाण्यात. तळाला गेला तो अगदी किरकोळ.

आता गंमत पाहा. त्याच जहाजातून, त्याच महासागरात, २००४ साली एक प्रयोग झाला होता. तेथे सिलिका होती. त्या वेळी वाढलेल्या शेवाळाचा निम्म्याहून अधिक भाग एक हजार मीटरच्या खाली गेला, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. लोह तेच, निकाल दोन टोकांचे. म्हणजे 'किती टन लोह टाकले' यावर क्रेडिट देता येत नाही. खताच्या पोत्यांच्या पावत्या दाखवून कोणी उसाचे बिल मागितले तर आपण देऊ का?

आणखी एक हिशेब आहे, जो लोक पुष्कळदा सोडून देतात. शेवाळ वाढले म्हणजे त्याने तेथला नत्र-स्फुरदही वापरला. तेच पाणी पुढे वाहत दुसऱ्या समुद्रात जाते. तेथल्या शेवाळाला, पर्यायाने तेथल्या माशांना, ते अन्न मिळणार नाही. हेडच्या शेतकऱ्याने पाट फोडला की टेलचा कोरडा राहतो. हेडच्या रानातले उत्पन्न तेवढे मोजून पाठ थोपटून घेणे बरोबर नव्हे.

क्रेडिटच्या आशेने झालेला प्रकारही सांगितला पाहिजे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हैदा ग्वाई नावाची बेटे आहेत. तेथील एका आदिवासी गावाने २०१२ साली सामन मासे परत यावेत आणि कार्बन क्रेडिट विकून पैसा यावा या हेतूने सुमारे १०० टन लोहखत समुद्रात टाकण्याच्या योजनेत गावाच्या गंगाजळीतून सुमारे २५ लाख डॉलर घातले. लोकांनी मतदान करून घातले, हे विशेष. शेवाळ उपग्रहातून दिसण्याइतके वाढले. क्रेडिट मात्र विकली गेली नाहीत, कारण किती कार्बन तळाला गेला याची कोणालाच मान्य होईल अशी मोजणी नव्हती. उलट सरकारी चौकशी मागे लागली. समुद्रात माल टाकण्यासंबंधीच्या लंडन कराराच्या देशांनी २००८ सालीच ठरवले होते की संशोधनाखेरीज असले खत समुद्रात टाकू नये. मासेमारीवर जगणाऱ्या गावाचा पैसा गेला. आपण सहकारातली माणसे, आपल्याला हे चटकन कळते.

चुन्याची वाट

लोखंडाची वाट अशी अडल्यावर आज जास्त जोर दुसऱ्या वाटेवर आहे, आणि ती आपल्या बॉयलिंग हाऊसमधून जाते म्हटले तरी चालेल. उसाचा रस आंबट असतो. त्यात चुन्याची निवळी सोडून तो उदासीन करतात, मगच तो साफ होतो. समुद्राचेही तसेच आहे. कर्बवायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल होते. गेल्या दोनशे वर्षांत समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा लहान दिसतो, पण सामूचे माप असे आहे की यात आम्लता पाव पटीहून अधिक वाढली. शिंपले, पोवळी यांना ते जाचते.

या पाण्यात अल्क घातले, म्हणजे चुना किंवा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, तर विरघळलेला कर्बवायू बायकार्बोनेटमध्ये बदलतो. खाण्याच्या सोड्यात असते तेच हे. त्या रूपात कार्बन हजारो वर्षे समुद्रात राहतो, हवेत परत येत नाही. आणि वरच्या पाण्यातला मोकळा कर्बवायू कमी झाल्यामुळे ते पाणी हवेतून नवा वायू ओढते. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे आम्लपित्तावर घेतात ते दुधासारखे पांढरे औषध. समुद्राच्या पोटातले आम्ल त्यानेच मारायचे.

कागदावरचा हिशेब साधा आहे. एक टन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने जास्तीत जास्त दीड टन कर्बवायू बांधला जाईल. समुद्राच्या रसायनात प्रत्यक्षात त्याचा सुमारे चार-पंचमांश पदरात पडतो, म्हणजे १ टन २०० किलो. चुन्याचे गणित मात्र कठीण. १०० किलो चुनखडी भाजली की ५६ किलो चुना मिळतो आणि भट्टीतूनच ४४ किलो कर्बवायू सुटतो. तो चुना समुद्रात जाऊन सुमारे ७० किलो ओढणार. शिल्लक राहिले २६, त्यातून भट्टीच्या जळणाचा वायू वजा. भट्टीचा धूर धरून ठेवला नाही तर हा धंदा आतबट्ट्याचा.

कॅनडात हॅलिफॅक्स बंदरावर टफ्ट्स कोव्ह येथे एक वीजघर आहे. वीजघर थंड करून बाहेर पडणारे पाणी समुद्रात जाते. प्लॅनेटरी नावाच्या कंपनीने २०२३ पासून त्या पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सोडायला सुरुवात केली, आणि शेजारच्या डलहौसी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पाण्याचे नमुने घेत राहिले. २०२५ साली आयसोमेट्रिक या नोंदणी संस्थेने पडताळणी करून या पद्धतीची जगातील पहिली क्रेडिट दिली. किती? सुमारे ६२५ टन. दोन ट्रेलरच्या पंचवीस-तीस ट्रॅक्टरांत मावेल एवढे वजन. एकीकडे निसर्गाचे १० अब्ज टन आणि दुसरीकडे हे ६२५. हसण्यासारखे नाही, काटा नीट लावून केलेले माप म्हणून ते महत्त्वाचे आहे.

हा काटा कसा लावला ते पाहू, कारण खरा विषय तोच.

पहिली पायरी सोपी. किती पावडर आणली, किती सोडली, तिची शुद्धता किती. येथे वजनकाटा आहे, प्रयोगशाळा आहे. आपल्या भरकाट्याइतकेच पक्के काम.

दुसरी पायरी, सोडलेले विरघळले किती? न विरघळता तळाला बसलेल्या पावडरीने काही ओढलेले नाही. त्यासाठी पाण्याचे, गाळाचे नमुने लागतात. सोडण्याच्या ठिकाणाजवळ सामू आणि अल्कता वाढलेली दिसते, म्हणून तेथपर्यंत मोजणी धरता येते. थोडे दूर गेले की औषध इतके पातळ होते की उपकरणाला ते नेहमीच्या चढउतारातून वेगळे ओळखता येत नाही.

आणि तिसरी पायरी सर्वांत अवघड. त्या पाण्याने हवेतून वायू खरोखर घेतला का? अल्क टाकताच वायू येत नाही. हवा आणि पाणी यांची देवघेव संथ आहे, तिला महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक. तेवढ्यात ते पाणी बंदरातून बाहेर पडून समुद्रात पांगलेले असते. थंड प्रदेशात वरचे पाणी जड होऊन खाली बुडते. वायू घेण्याआधीच ते बुडाले तर तो कार्बन आपल्या हयातीत येणार नाही. म्हणून या पायरीचा आकडा मोजून येत नाही, तो संगणकावर प्रवाह, वारा, तापमान घालून काढलेल्या गणितातून येतो.

गणितावर पैसे द्यायचे, म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या मोळीतली साखर कोणी वेगळी मोजत नाही. कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर दर ठरतो, आणि ज्याचा ऊस सरस त्याची कुरकुर असते. पण आपल्याकडे एक सोय आहे. हंगाम संपला की गोदामात पोती मोजता येतात, आणि उतारा खोटा असेल तर तेथे उघडा पडतो. समुद्राला गोदाम नाही. म्हणून गणित तपासायला वेगळे प्रयोग करावे लागतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या वूड्स होल संस्थेने मेनच्या आखातात सुमारे ६५,००० लिटर कॉस्टिक सोड्याचे द्रावण लाल रंग मिसळून सोडले आणि जहाजे व स्वयंचलित यंत्रे घेऊन त्या डागाचा माग काढला. रंग कोठे गेला हे दिसले की पाणी कोठे गेले हे कळते, आणि संगणकाचे भाकीत त्याच्याशी ताडून पाहता येते. असे आणखी पुष्कळ प्रयोग निरनिराळ्या समुद्रांत व्हावे लागतील, तेव्हा त्या गणितावर भरवसा बसेल. माझ्या मते सध्या तरी बंदरातले, बारीक प्रमाणातले आणि सतत नमुने घेतलेले प्रकल्पच क्रेडिटला लायक आहेत.

एवढे झाल्यावर कपाती सुरू होतात, उसाच्या बिलातल्यासारख्याच. खाणीतून दगड काढणे, दळणे, जहाज, ट्रक, वीज, प्रयोगशाळा या सर्वांत जो कर्बवायू सुटला तो वजा. विरघळले नाही ते वजा. आणि गणितात जेवढी अनिश्चितता तेवढी तूट. हार्वेस्टरच्या उसावर पाचटाची वजावट धरतात तेव्हा आपण भांडतो. येथे उलट आहे. वजावट कमी धरली तर विकणाऱ्याचा फायदा आणि हवेचे नुकसान. विकत घेणाऱ्या कंपनीला त्याची खंत वाटेलच असे नाही, कारण तिला पावती हवी असते. ऊस विकताना घेणारा काट्यावर लक्ष ठेवतो, देणाराही ठेवतो. हवेच्या मालाला घेणारा आणि देणारा दोघांचाही कल वजन फुगण्याकडे. म्हणून तिसरा माणूस काट्यावर लागतो, आणि त्याचा पगार या दोघांच्या नफ्यावर अवलंबून नसावा.

लाकडाचा भुसा बुडवण्याचाही एक प्रकार झाला. रनिंग टाइड नावाच्या अमेरिकन कंपनीने २०२३ साली आइसलंडजवळच्या समुद्रात सुमारे १९,००० टन चुनखडी लावलेला लाकडाचा भुसा बुडवला आणि क्रेडिट विकली. टीका अशी झाली की भुसा किती खोल गेला, कुजला की टिकला, आणि समुद्रात टाकला नसता तर त्याचे काय झाले असते, याचा पुरेसा पुरावा नाही. २०२४ च्या जूनमध्ये कंपनी बंद पडली.

बाजारभावाविषयी चार शब्द. २०२५ साली फ्रंटियर नावाच्या खरेदीदार गटाने हॅलिफॅक्सच्या त्याच कंपनीशी २०२६ ते २०३० या काळातील सुमारे १ लाख १५ हजार टनांचा करार केला, ३ कोटी १० लाख डॉलरहून थोड्या अधिक किमतीला. टनाला सुमारे २७० डॉलर पडले. मायक्रोसॉफ्टने २०२४ साली एब कार्बन या कंपनीशी साडेतीन लाख टनांपर्यंतचा करार केला. हे आकडे वाचून डोळे दिपतात, पण हे पुढच्या हंगामांचे करार आहेत, घरात आलेला माल नव्हे. उचल आणि अंतिम बिल यांतला फरक सभासदांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि यात राहणाऱ्या लोकांचेही म्हणणे असते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये सेंट आयव्हज उपसागरात असाच प्रयोग वाढवायचे ठरले, तेव्हा २०२३ साली तेथले लोक किनाऱ्यावर निषेधाला उतरले. आमच्या समुद्रात काय टाकता हे आम्हाला आधी का विचारले नाही, हा त्यांचा सवाल होता.

आता आपल्या दारात आलेल्या करारनाम्याकडे वळू. समुद्रासाठी जे प्रश्न विचारले तेच पाचटालाही लागू आहेत. तुम्ही काही केले नसते तर काय झाले असते, याची तुलना कोणत्या रानाशी करणार? जो सभासद दहा वर्षांपासून पाचट ठेवतो आहे, त्याला जादा म्हणून काय धरणार? मातीचे नमुने किती खोलीपर्यंत, कोणत्या प्रयोगशाळेत, किती वर्षांनी? की नुसते उपग्रहाचे चित्र पाहून आणि संगणकावर गणित मांडून आकडा देणार? ऊस मोडून दुसरे पीक घेतले, किंवा शेजाऱ्याच्या रानातून आग आली, तर जमा झालेले क्रेडिट परत द्यायचे का, आणि कोणी? करार किती वर्षांचा, जमीन वाटणीत गेली तर तो वारसांवर बंधनकारक राहील काय? खर्च वजा जाता शेतकऱ्याचा वाटा किती टक्के, आणि तो पहिल्या वर्षी की मोजणी झाल्यावर?

ज्या सभासदांकडे असे कागद आले असतील त्यांनी सही करण्यापूर्वी सातबारा उताऱ्यासह ते आपल्या गट ऑफिसात कृषी सहाय्यकांकडे आणून दाखवावेत. सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत शेतकी विभागाचा माणूस ते वाचून देईल. ज्यांनी अगोदरच सह्या केल्या आहेत त्यांनीही कराराची एक झेरॉक्स प्रत जमा करावी.